पाटाच्या रस्त्यावर जवाईबापूंची सायकल

मी ब्रेक नेमका कुठे दाबला, हे आमच्या गावात तिघांनाच माहीत होतं. एक मी. दुसऱ्या माझ्या सासूबाई, त्यांनी याबद्दल तोंडातून शब्द काढला नाही. तिसरे आमच्या शेजारचे काका. ते एसटीत ड्रायव्हर होते आणि रिटायर झाल्यापासून रोज सकाळी पाटाच्या रस्त्यावर फिरायला जातात.

घरात मात्र ही गोष्ट मी तीन आठवडे वेगळीच सांगितली. आमच्या खानदानात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. लग्न असो, बारसं असो, जेवणं आटोपली की मला मधात बसवतात आणि म्हणतात, सांगा. त्यामुळे गोष्ट कुठे कापायची, कुठे टाचायची, यात माझा हात बसला आहे. तोच हात मी इथेही चालवला. आता जसं झालं तसं लिहितो.

रिसोडहून शिरपूर जैनकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्यापासून आमचं गाव थोडं आत आहे. गावापासून डांबरीपर्यंत धरणाचा पाट जातो आणि पाटाला लागून सव्वा किलोमीटरचा सिमेंटचा रस्ता आहे. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला वावरं. ट्रॅक्टर आणि जीपगाड्या घुसू नयेत म्हणून डांबरीच्या तोंडाशी सिमेंटचे दोन खांब रोवले आहेत. त्यामुळे या रस्त्यावर पायी माणसं आणि सायकली, एवढीच वाहतूक. सकाळी गुडघे दुखणारे, शुगरवाले, बीपीवाले, डॉक्टरने दम दिलेले, असे सगळे तिथे भेटतात. कोणी आजारी पडलं की आम्ही विचारतो, "पाटावर लावलं का त्याले?"

दोन वर्षांपूर्वी माझी शुगर निघाली आणि मीही पाटावर लागलो. मी रिसोडच्या एका शाळेत गणित शिकवतो. पायी चालणं मला फार साधं वाटलं, म्हणून मी गिअरची सायकल घेतली. सोबत हेल्मेट घेतलं. ते घातलं की बायको म्हणायची, "डोक्यावर टरबूज ठेवून कुठं निघाले?" सायकलच्या दांडीवर मोबाइल अडकवायचा चिमटा लावायचा होता आणि जागा कमी पडत होती. मी घंटी काढली आणि चिमटा लावला. माझ्या आयुष्यात मी केलेली ही सगळ्यात वाईट वजाबाकी.

मोबाइलमध्ये एक अॅप होतं. गावाच्या टोकापासून खांबांपर्यंत किती वेळ लागला, ते अॅप सांगायचं. पहिल्या महिन्यात सहा मिनिटं लागली, मग पाच, मग साडेचार. चार मिनिटांच्या आत जायचं, हे माझ्या डोक्यात बसलं. कोणी सांगितलं नव्हतं, बक्षीस नव्हतं. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाला दुसरा कोणी पहिला नंबर देत नाही, तेव्हा तो असा स्वतःच स्वतःला देत सुटतो.

घंटी नव्हती, म्हणून मी लांबूनच ओरडायचो, "बाजू!" माणसं बाजूला व्हायची. गावातली अर्धी माणसं माझ्या हाताखालून गेलेली. "सर आले, सरका," म्हणत बायका एकमेकींना ओढायच्या. एखादी म्हातारी वावरात उतरून उभी राहायची. अॅप मला शाबासकी द्यायचं. तो वेग माझ्या पायांचा होता तेवढाच वावरात उतरणाऱ्या त्या म्हाताऱ्यांचाही होता, हे गणित मास्तरला सुटलं नव्हतं.

आता सासूबाईंबद्दल. त्या शिरपूरला एकट्या राहतात. स्वतःचं घर आहे, परसात दोन बकऱ्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात बकरीच्या मागे धावताना पडल्या आणि डावा खुबा मोडला. वाशीमला ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी टाकली आणि लेकीने त्यांना आमच्याकडे आणलं. बकऱ्या शेजारणीकडे दिल्या. लेकीचं घर म्हणजे जवाईचं घर, तिथे महिनोन्‌महिने राहायचं, हे त्यांना खुब्यापेक्षा जास्त दुखत होतं. रोज संध्याकाळी शेजारणीला फोन करायच्या. पहिला प्रश्न बकऱ्यांचा, दुसराही बकऱ्यांचाच.

रिसोडच्या डॉक्टरांनी त्यांना एक अट घातली होती. "आजी, पाटाच्या या टोकापासून त्या खांबापर्यंत काठी घेऊन, न बसता, एकट्या चाललात, की त्याच दिवशी शिरपूरला जा. तोवर नाही." पाटावर तीन मोऱ्या, म्हणजे छोटे पूल, आहेत. सासूबाई पहिल्या महिन्यात पहिल्या मोरीपर्यंत गेल्या. पोळ्याच्या सुमारास दुसऱ्या मोरीपर्यंत. दसऱ्याच्या आधी तिसरी मोरी दिसायला लागली होती. उजव्या हातात काठी, डावीकडे वावरं, तोंड शिरपूरकडे.

माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली. तेवीस वर्षांत सासूबाई माझ्यासमोर उघड्या डोक्याने उभ्या राहिल्या नाहीत. मी आलो की त्या खाटेवरून उठणार, दोन्ही हातांनी पदर डोक्यावर ओढणार आणि भिंतीकडे सरकणार. जुन्या बायांची ही रीत आमच्याकडे अजून आहे. पाटावरही तेच. माझी सायकल मागून आली की त्या ओळखायच्या. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकात टिकटिक आवाज होतो. सासूबाईंच्या लेखी ती टिकटिक म्हणजे जवाई. आवाज आला की त्या कडेला व्हायच्या, काठी पोटाशी टेकवायच्या आणि दोन्ही हातांनी पदर डोक्यावर घ्यायच्या. मी मान हलवून सुसाट निघून जायचो. खरं लिहायचं तर मला ते आवडायचं. आख्ख्या रस्त्यावर माझ्यासाठी काठी सोडणारं एकच माणूस होतं, आणि काठी सोडायला मनाई होती तीही त्याच माणसाला.

मग सोयाबीन आलं. काढणी झाली, मळणी झाली आणि परतीच्या पावसाने माल ओला केला. ओल्या मालाला रिसोडच्या बाजारात कोणी विचारत नाही. उन्हात वाळवायला गावात सपाट, कोरडी जागा एकच, पाटाचा सिमेंट रस्ता. दरवर्षी लोक तिथे माल पसरतात आणि दरवर्षी फिरणाऱ्यांशी भांडणं होतात. यंदा मी पुढाकार घेतला. मास्तर माणूस, मला सगळ्याची समान वाटणी करायची खोड. शाळेच्या मैदानासाठी आणलेल्या चुन्याच्या फक्कीतली पिशवीभर फक्की आणली आणि रस्त्याच्या मधोमध, सव्वा किलोमीटर, पांढरी रेघ मारली. वावराकडची अर्धी बाजू सोयाबीनची, पाटाकडची अर्धी माणसांची. सगळ्यांना पटलं. ड्रायव्हर काका तेवढे कमरेवर हात ठेवून उभे होते.

"सर, रेघ झक्कास मारली. पन तुमची सायकल कोनत्या बाजूनं जाईन?"

"माणसांच्या बाजूने."

"म्हंजे मानसं पाटात?"

मी हसलो. वाटणी करताना मी सोयाबीन मोजलं, माणसं मोजली आणि स्वतःला मोजायचं विसरलो. आमच्या घरचे चार क्विंटल सोयाबीनही तिसऱ्या मोरीजवळ पसरलेले होते. मीच पसरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवा थंड होती, वारा नव्हता, पाय हलके होते. गावाच्या टोकाशी मी अॅप सुरू केलं. पहिली मोरी गेली. दुसरी मोरी गेली तेव्हा मोबाइलकडे पाहिलं. आज चारच्या आत होणार, हे मला दिसत होतं. सायकलवर असताना ज्याला आकडा दिसतो त्याला रस्ता दिसत नाही. मी मान वर केली तेव्हा सासूबाई समोर होत्या, तिसऱ्या मोरीच्या थोड्या अलीकडे, माणसांच्या अर्ध्या बाजूत, अगदी मधून चालत.

मी जोरात पायडल मारत होतो, म्हणून चाकाची टिकटिक होत नव्हती. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं. मी पायडल थांबवलं, टिकटिक सुरू झाली आणि मी ओरडलो, "बाजू!"

त्यांनी तेच केलं जे तेवीस वर्षं केलं होतं. जवाई आले, बाजूला व्हायचं. उजवीकडे पाट, म्हणून त्या डावीकडे सरकल्या, रेघ ओलांडून, माझ्याच सोयाबीनवर. काठी पोटाशी टेकवली. दोन्ही हात पदराकडे गेले. काठीचं टोक दाण्यांवरून सरकलं.

मी ब्रेक दाबला. पुढचं चाक रेघेजवळ सांडलेल्या दाण्यांवर होतं. सोयाबीनवर ब्रेक म्हणजे गोट्यांवर ब्रेक. सायकल आडवी होत त्यांच्या बाजूने घसरत गेली. मला त्यांची चप्पल दिसली, मग आभाळ दिसलं, मग पाटाची कड दिसली आणि मी थांबलो. माझ्या गुडघ्याला खरचटलं होतं. हेल्मेट जागेवर होतं.

मागे वळून पाहिलं. सासूबाई सोयाबीनवर डाव्या कुशीवर पडल्या होत्या. तोच खुबा. त्या ओरडत नव्हत्या, आणि मी घाबरलो ते त्यामुळेच. धावत गेलो. डोळे उघडे होते. उजव्या हाताने त्या अजून पदर डोक्यावर ओढत होत्या.

"आई, हलू नका. पाय हलवू नका."

"काई नाही झालं," त्या म्हणाल्या. "पाय घसरला माहा. तुमाले तर नाही न लागलं, जवाईबापू?"

तेवढ्यात ड्रायव्हर काका मोरीकडून पोचले. त्यांनी आधी आईंचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोन-चार जणांनी त्यांना वाळवणाच्या ताडपत्रीवर उचलून खांबांपर्यंत नेलं आणि एक जीप थांबवली.

रिसोडच्या हाडाच्या दवाखान्यात एक्स-रे काढायला आत नेलं. मी बाहेर बाकड्यावर बसलो. चिमट्यातून काढलेला मोबाइल खिशात होता. तो थरथरला म्हणून काढून पाहिला, तर अॅप अजून चालूच होतं आणि विचारत होतं, तुम्ही थांबला आहात, प्रवास संपवायचा का? मी ते बंद केलं. पट्टी हलली असेल तर दुसरं ऑपरेशन. दुसरं ऑपरेशन म्हणजे शिरपूर गेलं, बकऱ्या गेल्या, ती बाई जन्मभर माझ्या घरी भिंतीकडे सरकत राहणार. आतून काहीच आवाज येत नव्हता. बायको आली. तिने धाप लागलेल्या आवाजात विचारलं, "कसं झालं?"

इथेच मी पहिला टाका घातला. "सोयाबीनवरून पाय घसरला त्यांचा. मी मागूनच येत होतो."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ती गोष्ट इतकी पक्की शिवली गेली.

अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले. पट्टी जागेवर होती. खुब्याला धक्का नव्हता. डावं मनगट मोडलं होतं, सहा आठवडे प्लास्टर. "नशीब समजा," ते म्हणाले. "पण चालणं सोडू देऊ नका. घाबरून बसल्या तर पाय आखडेल. मग काठीनेही भागणार नाही."

बायकोने पदराने तोंड पुसलं. मी मोठ्या आवाजात म्हणालो, "चालतील हो, चालतील." जसं काही पाय माझेच होते.

त्या संध्याकाळी ड्रायव्हर काका दारात आले. "सर, चला जरा पाटावर. गंमत दाखोतो."

तिसऱ्या मोरीजवळ आमचं सोयाबीन तसंच पडलेलं होतं. त्यात एक लांब ओरखडा उमटला होता, पांढऱ्या रेघेला कापून पुढे गेलेला. काका त्याच्या कडेने पावलं मोजत चालले.

"हे पाहा. इथं तुमचा ब्रेक लागला. आन् हे दानं दबलं ना, इथं बुढी पडली. म्हंजे ब्रेक लागला तवा तुमी तिच्यापासून चार पावलं होते." मग ते पुढे चालत राहिले. "आन् तुमी थांबले इथं. सात पावलं तिच्या म्होरं. एसटीत असते ना सर, तर उद्या सकाळी डेपोत जबाब द्यावा लागला असता."

"काका, माझा धक्का लागला नाही त्यांना."

"मी कुठं म्हनून राह्यलो लागला? बुढी सरकली म्हनून नाही लागला. नसती सरकली तं?"

मी विचारलं, "कोणाला सांगितलं?"

"मी कायले सांगू? गावाले गोष्टी सांगाचं काम तुमचं हाये न."

ते निघून गेले. मी फावड्याने सोयाबीन सारखं केलं, ओरखडा मोडला. माल अजून ओलाच होता.

पुढचे दिवस मी घरात गोष्ट सांगत राहिलो. पाहुणे यायचे, विचारायचे, आणि मी सांगायचो की सोयाबीन, पाय, काठी. गोष्टीत हळूहळू माझा रोल वाढला. मी कशी उडी मारली, कसं धरलं. एका पाहुण्याने तर मला म्हटलं, "तुमी होते म्हनून बरं." आतल्या खोलीत सासूबाई होत्या. त्यांना सगळं ऐकू जात होतं.

आणि त्या चालत नव्हत्या. पाट सोडा, त्या खोलीतूनही बाहेर येत नव्हत्या. मी घरी असलो की दार लोटलेलं असायचं. मला वाटलं घाबरल्या, मला वाटलं दुखतं. पंधरा दिवसांनी डॉक्टरांकडे दाखवायला नेलं. त्यांनी पाय वाकवून पाहिला आणि कपाळाला आठी घातली. "आखडायला लागला आहे. आणखी दोन-तीन आठवडे असंच राहिलं तर शिरपूर विसरा."

सासूबाई डोक्यावरचा पदर सावरत खाली पाहत बसल्या.

घरी येऊन मी बायकोवर चिडलो. "अगं, त्यांना आंगणात तरी चालव. दिवसभर बसून राहतात."

"तुम्ही शाळेत गेले की चालते ती थोडी," बायको म्हणाली. "तुम्ही असले की नाही चालत."

"का?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या पोराकडे पाहतो. "एक हात प्लास्टरमंदी हाये तिचा. दुसऱ्यात काठी. तुमच्यासमोर पदर कोन्त्या हातानं घेईन ती?"

ती पुढे म्हणाली, "पदर घ्याचा तं काठी सोडा लागते. काठी धराची तं उघड्या डोक्यानं तुमच्यासमोरून जा लागते. म्हनून बसून राह्यते. आन् तुम्ही ती पडल्या दिवसापासून शाळा सुटली का घरातच बसून गोष्टी सांगून राह्यले."

मला त्या दिवशी सकाळचे दोन हात आठवले. काठी पोटाशी टेकवून पदराकडे गेलेले. त्या सोयाबीनमुळे पडल्या हे मी सगळ्यांना सांगितलं होतं. सोयाबीनवर त्या का गेल्या, हे कोणालाच सांगितलं नव्हतं.

आठवडाभर मी ते पोटात ठेवलं. मग एका रविवारी चहाच्या वेळी मी गोष्ट सगळी उसवली. आकडा, मोबाइल, पायडल, चार पावलं, सात पावलं. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं, म्हणून मी आवाज थोडा मोठा ठेवला. ऐकणारी एकटी बायकोच नव्हती, हे मला माहीत होतं.

बायकोच्या कपात साय धरली. मग ती म्हणाली, "तिले तिच्या घरी जायाचं होतं. आन् तुम्हाले चार मिनिटांत."

दाराआडून आवाज आला. "मले मालूम व्हतं, बाई. जाऊ दे. जवाईबापूंच्या पायाचं खरचटलं भरलं का ते विचार."

यापेक्षा त्यांनी काठी फेकून मारली असती तर मला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चिमटा काढला आणि घंटी लावली. जुनीच घंटी, फडताळात खिळ्यांच्या डब्यात सापडली. त्याहून मोठं काम म्हणजे मी घराबाहेर राहायला लागलो. सकाळी लवकर निघायचो, संध्याकाळी पारावर बसून उशिरा यायचो. सासूबाईंनी पाटावर पुन्हा पाऊल ठेवलं ते मी गेल्यावरच. बातम्या ड्रायव्हर काकांकडून कळायच्या. आज पहिली मोरी. आज पहिली मोरी पार. आज मागून दूधवाल्याची सायकल आली, तर बुढी वावराच्या बांधाला धरून उभी राहिली, अर्धा तास हललीच नाही. "टिकटिक ऐकली का पाय गोठते तिचे," काका म्हणाले. "कानात बसली हाये तुमची सायकल."

प्लास्टर निघायला आठवडा राहिला होता. शनिवार होता, शाळा सकाळची. मी नेहमीसारखा अंधारातच निघालो. खांबांजवळ पोचल्यावर आठवलं, तपासलेल्या उत्तरपत्रिका घरीच राहिल्या. सासूबाई समोर येऊ नयेत म्हणून लांबच्या गाडीरस्त्याने घरी परतलो, गठ्ठा घेतला आणि उशीर झाला म्हणून पुन्हा पाटावर आलो, तोवर चांगलं उजाडलं होतं. दुसऱ्या मोरीच्या पुढे गेलो आणि पाहिलं.

सासूबाई चालत होत्या. एकट्या. तिसरी मोरी त्यांनी मागे टाकली होती. पडल्यापासून इतक्या लांब त्या पोचल्या नव्हत्या. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला, उजव्या हातात काठी. पदर वाऱ्याने खांद्यावर घसरला होता. तेवीस वर्षांत मी पहिल्यांदा त्यांचे केस पाहिले. सगळे पांढरे, मागे छोटासा अंबाडा. खांब समोर दिसत होते.

मी सायकलवरून उतरलो. घंटी वाजवावी तर त्या दचकणार. हाक मारावी तर बाजूला होणार, काठी सोडणार, पदराला हात घालणार. मागे फिरावं तर सायकल वळवतानाही टिकटिक होणार. पुढे ढकलली तरी टिकटिक. शेवटी मी एक गोष्ट केली. आजवर ती कोणाला सांगितली नव्हती. मी सीटखाली हात घातला, मागचं चाक उचललं आणि पुढचं चाक लोटत त्यांच्या मागे चालायला लागलो. पाठीवर उत्तरपत्रिका, डोक्यावर टरबूज, एका हातात अर्धी सायकल. श्वाससुद्धा हळू घेत होतो. शाळेची घंटा व्हायला दहा मिनिटं होती.

पन्नास पावलं गेलो असेन. खांदा भरून आला. साठ. बोटं सुटायला लागली. मी हात बदलायला गेलो आणि चाक खाली टेकलं.

टिक, टिक, टिक.

सासूबाई थांबल्या. वळल्या नाहीत. मी जागच्या जागी उभा राहिलो. त्यांची उजवी बोटं काठीच्या मुठीवरून सुटताना मला दिसली. आधी अंगठा, मग बाकीची. हात वर यायला लागला. काठी नुसती उभी होती, दोन बोटांच्या आधाराने. उजवीकडे पाट होता, आणि आता त्यात रब्बीचं पाणी सोडलेलं होतं.

काय बोलू? पदर घेऊ नका, असं कोणत्या जवायाने कोणत्या सासूला सांगावं?

हात खांद्यापर्यंत आला. तिथे थांबला. मग खाली गेला आणि मूठ बंद झाली. काठीचं टोक सिमेंटवर टक्‌ करून वाजलं.

"जवाईबापू," त्या पुढे पाहतच म्हणाल्या, "शाळा लागली असन न?"

"लागेल आता."

"मंग जा न. मले काई बाजूले होता येत नाही आज."

"नका होऊ. मी मागून येतो."

त्यांनी काठी पुढे टेकवली. मग पाऊल टाकलं. मी सायकल ढकलत मागे निघालो, आणि आता चाक उचलायची गरज नव्हती. टिकटिक चालू होती आणि त्या तिच्या पुढे चालत होत्या, रस्त्याच्या अगदी मधून, उघड्या डोक्याने, एकदाही मागे न पाहता. मधे एकदा म्हणाल्या, "तेल टाका त्या चाकाले. किती बोलते."

"मुद्दामच नाही टाकलं," मी म्हणालो.

खांब आले. त्यांनी काठी खांबाला टेकवली, खांबाच्या पायथ्याच्या ओट्यावर बसल्या आणि बसल्या-बसल्या सगळ्यात आधी मोकळ्या हाताने पदर डोक्यावर ओढला. मग माझ्याकडे पाहिलं. घामाने चेहरा भिजला होता.

"आता बसली, तं पदर जमते," त्या म्हणाल्या. "न बसता आली ना मी? तुमी पाह्यलं न?"

"पाहिलं, आई."

"डॉक्टरले तुमीच सांगजा. तुमचं सांगनं लोकायले पटते."

समोर डांबरीवर ड्रायव्हर काका चहाच्या टपरीवर बसले होते. त्यांनी मनगटावरचं घड्याळ वर करून मला दाखवलं. "सर, आज लय लेट! जबाब द्या."

मी शाळेत पोचलो तेव्हा पहिला तास संपला होता. जबाब दिला.

पुढच्या आठवड्यात प्लास्टर निघालं आणि आम्ही त्यांना शिरपूरच्या एसटीत बसवायला गेलो. बायकोने पिशवी घेतली होती, शेजारचे ड्रायव्हर काकाही सोबत आले होते. मी मागे उभा होतो, पडल्या तर धरावं म्हणून. एसटीची पहिली पायरी उंच असते. सासूबाईंनी डाव्या हाताने दाराची दांडी पकडली, उजव्याने काठी रोवली आणि पाय उचलला. पदर डोक्यावरून घसरून पाठीवर आला. मी, कंडक्टर, ड्रायव्हर काका, सगळे पाहत होतो.

त्यांनी दांडी सोडली नाही, काठीही सोडली नाही. तशाच वर चढल्या.